पीएचपी : ॲरेमध्ये एकच मूल्य अनेकदा आले असेल, तर त्याच्या सर्व कीज कशा मिळवाव्यात?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जामनेर तालुक्यातील एका जिनिंगसाठी शेतकऱ्यांची खाती आणि काटापावत्या यांची नोंद ठेवणारी प्रणाली मी पीएचपी या संगणकीय भाषेत लिहीत आहे. कापसाचा चुकारा जमा झाला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश जातो. मात्र जुन्या वहीतून एक्सेलमध्ये उतरवलेल्या यादीत एकच मोबाइल क्रमांक अनेक खात्यांना लागलेला आहे, आणि त्यामुळे एकाच्या पैशाचा संदेश दुसऱ्याच्या हाती पडतो. अमुक क्रमांक अमुक खात्यांवर आहे, अशी यादी मला मुनीमजींना काढून द्यायची आहे, म्हणजे ते त्या त्या शेतकऱ्याला विचारून नोंद दुरुस्त करू शकतील.

माझ्या ॲरेमध्ये (की आणि मूल्य अशा जोड्यांच्या यादीत) खाते क्रमांक ही की, म्हणजे नोंदीची ओळख, आहे आणि मोबाइल क्रमांक हे मूल्य आहे. समजण्यासाठी क्रमांकांच्या जागी अक्षरे घेतो : खाते ११ वर क, १२ वर ख, १३ वर पुन्हा क, १४ वर ग, १५ वर ख आणि १६ वर पुन्हा क. मला उत्तर हवे आहे ते असे : क साठी ११, १३, १६ आणि ख साठी १२, १५. ग एकदाच आला असल्यामुळे तो यादीत नको.

पुनरावृत्त मूल्ये गाळणारे ॲरे_युनिक लावल्यावर ११, १२ आणि १४ उरतात. मूळ ॲरेतून हा ॲरे ॲरे_डिफ_असोकने वजा केला, तर १३, १५ आणि १६ मिळतात, पण ११ आणि १२ सुटतात. ॲरे_डिफने वजा केल्यास तर रिकामा ॲरे परत येतो, आणि त्याचे कारण मला उलगडलेले नाही. (फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.) पहिल्या नोंदीसकट सर्व कीज मिळवण्याची योग्य रीत कोणती?

सातपुडा

गिरणाकाठ भाऊ, आधी रिकाम्या ॲरेचे कारण सांगतो. ॲरे_डिफ फक्त मूल्ये पाहते, कीज पाहत नाही. मूळ ॲरेतील प्रत्येक मूल्य ॲरे_युनिकच्या निकालात एकदा तरी असणारच. मग वजाबाकीनंतर काहीही उरण्याचा प्रश्नच येत नाही. ॲरे_डिफ_असोक की आणि मूल्य अशी जोडी पाहते, म्हणून तिथे नंतरच्या नोंदी उरतात. त्यात पहिली नोंद येत नाही, कारण ॲरे_युनिक पहिली नोंद मूळची समजून राखते आणि पुढच्यांना जादा ठरवते. परंतु तुमच्या कामात पहिली नोंद बरोबर आणि पुढच्या चूक असे मुळीच नाही. खाते ११ चा क्रमांक चुकलेला आणि १६ चा बरोबर, असेही असू शकते. म्हणून नंतरचे जादा शोधणे आणि एकसारखे एकत्र करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि तुम्हाला दुसरे करायचे आहे.

त्यासाठी मूल्यालाच की करा आणि मूळ कीजची यादी त्याखाली साठवत जा :

$गट = [];
फॉरईच ($खाती ॲज $खाते => $मोबाइल) {
  $गट[$मोबाइल][] = $खाते;
}

फॉरईच आणि ॲज हे दोन शब्द इंग्रजीत टाइप करावेत. बाकीचा मजकूर आहे तसाच चालतो, कारण पीएचपी व्हेरिएबलच्या नावात देवनागरी अक्षरे स्वीकारते. ही फेरी पूर्ण झाली की क खाली ११, १३, १६, ख खाली १२, १५ आणि ग खाली एकटा १४ अशी मांडणी तयार होते. आता ॲरे_फिल्टर लावून ज्या यादीत एकाहून अधिक कीज आहेत तेवढेच गट ठेवा. ॲरे_फिल्टर कीज बदलत नाही, त्यामुळे कोणता गट कोणत्या क्रमांकाचा हे शाबूत राहते.

पांझरा

गट करून नको असतील आणि केवळ संशयित नोंदी मूळ कीजसह हव्या असतील, तर लूप (फेरी) न लिहिताही काम होते. आधी ॲरे_डिफ_असोक आणि ॲरे_युनिक वापरून नंतरच्या नोंदी काढाव्यात, म्हणजे गिरणाकाठ यांनी काढलेल्या १३, १५, १६. मग मूळ ॲरे आणि हा ॲरे यांचा ॲरे_इंटरसेक्ट घ्यावा. हे फंक्शन मूल्ये जुळवते, पण कीज पहिल्या ॲरेतील ठेवते, त्यामुळे ११, १२, १३, १५, १६ अशा पाचही नोंदी हाती येतात आणि १४ वगळला जातो. त्यावर एसॉर्ट चालवले की सारखी मूल्ये एकाखाली एक येतात. पीएचपी ८.० पासून वर्गीकरण स्थिर झालेले आहे, म्हणजे सारख्या मूल्यांचा आपापसातील क्रम मूळ यादीप्रमाणेच राहतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत तशी हमी नव्हती.

धुळ्यात आम्ही मतदार यादीसारख्या साध्या तक्त्यांवर ही रीत वापरतो. तरीही मुनीमजींच्या हाती कागद द्यायचा असेल तर सातपुडा यांची गटांची रीत अधिक बरी, हे मान्य आहे.

कपाशी_एक

ॲरे_कीज फंक्शनला दुसरा घटक म्हणून मूल्य दिले, तर त्या मूल्याच्या सर्व कीज थेट मिळतात. प्रत्येक मूल्यासाठी ते चालवले तर पुरेसे नाही का? ॲरे_सर्चसुद्धा आहे.

सातपुडा

ॲरे_सर्च पहिली की सापडताच थांबते, म्हणून ते येथे निरुपयोगी आहे. ॲरे_कीजने उत्तर मिळेल, परंतु दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण वेळेची आहे. ॲरे_कीज प्रत्येक वेळी संपूर्ण ॲरे पाहते. खाती ५,००० असतील आणि प्रत्येक खात्याच्या मूल्यासाठी आपण ते चालवले, तर २.५ कोटी तुलना होतात. गटांच्या रीतीत प्रत्येक नोंद एकदाच हाताळली जाते आणि ५,००० फेऱ्यांत काम आटोपते. ॲरे_काउंट_व्हॅल्यूजने आधी मोजणी करून फक्त एकाहून अधिक वेळा आलेल्या मूल्यांसाठीच ॲरे_कीज चालवले, तर भार कमी होतो, पण तेव्हा दोन फंक्शनांचे काम गटांच्या रीतीत एका ओळीत होते हे लक्षात घ्यावे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. तिसरा घटक ट्रू दिला नाही तर ॲरे_कीज सैल तुलना करते, आणि अंकांसारख्या दिसणाऱ्या दोन स्ट्रिंग (मजकूररूप मूल्ये) सैल तुलनेत संख्या म्हणून ताडल्या जातात. कापसाच्या लॉटचा क्रमांक १२ई३ असा असेल, तर पीएचपीच्या दृष्टीने तो बारा गुणिले दहाचा तिसरा घात, म्हणजे १२०००, आणि मग लॉट १२ई३ व लॉट १२००० एकच ठरतात. पीएचपी ८ मध्ये सैल तुलनेचे नियम सुधारले असले, तरी ती सुधारणा संख्या आणि संख्या नसलेली स्ट्रिंग यांच्या तुलनेपुरती आहे. दोन्ही बाजूंना अंकस्वरूप स्ट्रिंग असतील तर वर्तन पूर्वीचेच आहे. ॲरे_कीज वापरायचेच असेल, तर तिसरा घटक विसरू नये.

गिरणाकाठ

गटांची रीत चालवून पाहिली आणि निकाल लगेच मिळाला. सर्वांचे आभार. पण निकालात तीन विचित्र गोष्टी दिसल्या, त्यांचा उलगडा झाल्याखेरीज ही यादी मुनीमजींना देणे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत मोठा गट रिकाम्या मूल्याचा आहे. ज्या खात्यांना मोबाइलच नाही ती सर्व त्यात एकत्र आली आहेत. त्यानंतरचा मोठा गट ९.१९८७७ई+११ अशा मूल्याचा आहे. आणि गटाची की परत मूळ मूल्याशी तीन बरोबर चिन्हांनी ताडून पाहिली, तर दिसायला दोन्ही सारखे असूनही उत्तर फॉल्स येते.

तापीतीर

गिरणाकाठ दादा, तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. मी शिरपूरला संगणकाचे वर्ग घेते, आणि विद्यार्थ्यांना याच जागा बारकाईने दाखवते, म्हणून सविस्तर लिहिते.

रिकामी मूल्ये गट करण्यापूर्वीच वगळावीत. मात्र त्यासाठी ॲरे_फिल्टर कॉलबॅकशिवाय (म्हणजे कोणते मूल्य ठेवायचे ही अट न देता) वापरू नये, कारण तसे केल्यास शून्य हे मूल्यही गळते. मोबाइलच्या बाबतीत फरक पडणार नाही, पण हाच कोड उद्या तुटीच्या किंवा कपातीच्या रकान्यावर चालवला, तर शून्य असलेल्या खऱ्या नोंदी नाहीशा होतील. मूल्य रिकाम्या स्ट्रिंगशी काटेकोरपणे ताडून मगच वगळावे.

९.१९८७७ई+११ हा दोष पीएचपीचा नाही. तुमच्या यादीत काही क्रमांक ९१ या उपसर्गासह बारा अंकी लिहिलेले असणार. एक्सेलच्या सर्वसाधारण स्वरूपाच्या खान्यात बारा किंवा अधिक अंकांची संख्या घातांकी स्वरूपात दिसते, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून जतन करताना खान्यात जे दिसते तेच फाइलमध्ये उतरते. त्यामुळे शेवटचे सहा अंक फाइलमधून पुसलेच गेलेले आहेत आणि पुढचे सहा अंक समान असलेले वेगवेगळे क्रमांक एकाच गटात आले आहेत. हे कोणत्याही कोडने परत मिळत नाहीत. मूळ एक्सेल फाइल उघडून तो रकाना दशांशरहित संख्या या स्वरूपाचा करावा आणि सीएसव्ही पुन्हा काढावी. बँक खात्याच्या रकान्याकडे तर विशेष लक्ष द्यावे, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते आणि त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्ये घालते. तिथे स्वरूप बदलूनही अंक परत येत नाहीत. चुकारा ज्या खात्यात जायचा, त्याच खात्याचे अंक बदललेले असणे ही फार गंभीर गोष्ट आहे.

तिसरा प्रश्न पीएचपीच्या ॲरेच्या स्वभावाचा आहे. ॲरेची की केवळ पूर्णांक किंवा स्ट्रिंग असू शकते. शुद्ध दशमान पूर्णांकासारखी दिसणारी स्ट्रिंग की म्हणून दिली की पीएचपी तिचा आपोआप पूर्णांक करते. म्हणून दहा अंकी मोबाइलची स्ट्रिंग गटाची की होताच पूर्णांक बनते, आणि स्ट्रिंगशी काटेकोर तुलना केल्यास अर्थातच जुळत नाही. आरंभी शून्य असेल तर मात्र ती स्ट्रिंगच राहते. ३२ बिटांच्या जुन्या संगणकावर पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ एवढी असल्यामुळे आपले मोबाइल क्रमांक, जे ६ ते ९ ने सुरू होतात, तिथे स्ट्रिंगच राहतील. म्हणजे एकच कोड दोन संगणकांवर वेगळा वागेल.

अपूर्णांकांची गोष्ट तर याहून वाईट आहे. १२.५ आणि १२.७ क्विंटल ही दोन वजने थेट की म्हणून दिली, तर दोन्हींचा १२ होतो आणि नसलेली पुनरावृत्ती दिसू लागते. पीएचपी ८.१ पासून त्यावर इशारा येतो, परंतु सर्व्हरवर इशारे बंद असतील तर तोही दिसत नाही. ट्रूचा १ होतो, नलची रिकामी स्ट्रिंग होते. पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्या अडचणींवर एकच सोपा उपाय आहे, तो म्हणजे मूल्यापुढे एखादे अक्षर जोडून की तयार करणे :

$गट['म:' . $मूल्य][] = $की;

अशी की कधीही पूर्णांक होत नाही, आणि अपूर्णांकही स्ट्रिंग होऊनच जोडला जातो. नंतर दाखवताना ते उपसर्गाचे अक्षर काढून टाकावे, किंवा गटातील पहिल्या कीने मूळ ॲरेतून मूल्य वाचावे. मला दुसरा मार्ग अधिक स्वच्छ वाटतो.

पांझरा

तापीतीर ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो की ॲरे_काउंट_व्हॅल्यूज आणि ॲरे_फ्लिप हीदेखील फक्त स्ट्रिंग आणि पूर्णांक स्वीकारतात. अपूर्णांक आला तर इशारा देऊन ती नोंद सोडून देतात. मोजणी कमी भरली तर तिथे पाहावे.

गिरणाकाठ

रिकामी मूल्ये वगळली, सीएसव्ही नव्याने काढली आणि ते दोन खोटे गट गेले. आता उलट अडचण दिसते आहे. मुनीमजींच्या माहितीप्रमाणे एकाच घरातील दोन खात्यांवर एकच क्रमांक आहे, तरीही ती दोन खाती एका गटात येत नाहीत. डोळ्यांना दोन्ही क्रमांक सारखेच दिसतात. एका नोंदीत अंक देवनागरीत आहेत, हे सापडले. बाकीच्यांचे काय असावे?

सातपुडा

पडद्यावर सारखे दिसणे आणि बाइटने (संगणकात साठलेल्या रूपाने) सारखे असणे यांत फरक आहे, आणि पीएचपी स्ट्रिंगची तुलना बाइटनेच करते. त्यामुळे गट करण्यापूर्वी मूल्य एका ठरावीक रूपात आणणे भाग आहे. हे करताना मूळ ॲरेला हात लावू नये. ॲरे_मॅप एकाच ॲरेवर चालवल्यास कीज तशाच राहतात, म्हणून त्याने स्वच्छ केलेली प्रत तयार करावी, गट त्या प्रतीवरून करावेत आणि मुनीमजींना दाखवताना मात्र मूळ ॲरेतील मूल्य दाखवावे, कारण वहीत आणि एक्सेलमध्ये त्यांना तेच सापडणार आहे.

देवनागरी अंकांसाठी एसटीआरटीआर फंक्शनला दहा जोड्यांचा नकाशा द्यावा, देवनागरी अंक डावीकडे आणि इंग्रजी अंक उजवीकडे. ते अंक थेट पूर्णांकात रूपांतरित करण्याचा मोह टाळावा. पीएचपी देवनागरी अंकांना संख्या मानत नाही, त्यामुळे अशा प्रत्येक मूल्याचा शून्य होईल आणि ती सर्व खाती एका खोट्या गटात जमतील. तपासणीवर विसंबूनही चालत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्राला) यूनिकोडची यू ही खूण लावलेली असेल, तर अंक ओळखणारे चिन्ह देवनागरी अंकांनाही अंक मानते, म्हणून तपासणी यशस्वी होते आणि गट मात्र वेगळेच पडतात.

मोबाइलसाठी यानंतर अंकांखेरीज सर्व काही काढून टाकावे आणि शेवटचे दहा अंक ठेवावेत. त्याने उपसर्गाचे ९१, आरंभीचे शून्य, मधल्या रेघा आणि मोकळ्या जागा हे सर्व एका फटक्यात मिटते.

तापीतीर

मोबाइलला हे पुरेसे आहे, पण गावांची किंवा पेढीची नावे गटात घ्यायची असतील तर तिथे एक फसवी जागा आहे, आणि ती आपल्या लिपीचीच आहे म्हणून मुद्दाम लिहिते.

संकेतस्थळावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराच्या शेवटी अनेकदा न तुटणारी मोकळी जागा येते. ट्रिम हे कडेच्या मोकळ्या जागा काढणारे फंक्शन तिला काढत नाही. म्हणून अनेक जण ट्रिमच्या दुसऱ्या घटकात त्या जागेचे दोन बाइट, सी२ आणि ए०, देतात. परंतु ट्रिम ते दोन बाइट जोडी म्हणून न पाहता सुटे सुटे पाहते. आपला ठ यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये ई०, ए४, ए० अशा तीन बाइटांचा बनतो, आणि त्याचा शेवटचा बाइट नेमका ए० आहे. त्यामुळे जळगावातील शनिपेठ हे नाव या ट्रिममधून गेले की ठचा शेवटचा बाइट कापला जातो आणि मागे अर्धवट अक्षर उरते. शनिपेठच्या सर्वच नोंदी सारख्याच कापल्या गेल्या, तर गट बरोबर दिसतो आणि दोष लपून राहतो. काही नोंदी आधीच्या मार्गाने आलेल्या असतील, तर एकाच पेठेचे दोन गट होतात.

सुरक्षित मार्ग असा की आधी एसटीआर_रिप्लेसने त्या दोन बाइटांच्या सलग जोडीच्या जागी साधी मोकळी जागा घालावी आणि मग कोणताही दुसरा घटक न देता ट्रिम करावे. ती जोडी दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या पोटात येऊ शकत नाही, ही यूटीएफ-८ ची रचनाच आहे. पीएचपी ८.४ असेल तर एमबी_ट्रिम वापरता येते.

दुसरी गोष्ट एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांची. ऱ हे अक्षर एका चिन्हानेही लिहिता येते आणि र खाली नुक्ता देऊनही लिहिता येते. इंटल विस्तारातील नॉर्मलायझर ही दोन रूपे एक करतो. परंतु ॲग्रो या शब्दातील पहिले अक्षर काही कळफलकांवर एकाच चिन्हाने येते आणि काहींवर अ, अदृश्य जोडचिन्ह आणि वरचा चंद्र असे तीन तुकड्यांनी येते. ही दोन रूपे नॉर्मलायझर एक करत नाही. खतांच्या दुकानांच्या नावांत ॲग्रो जागोजागी असते, तेव्हा ते रूपांतर एसटीआरटीआरच्या नकाशात स्वतः घालावे लागते. आणि अमळनेर व अंमळनेर, किंवा मुक्ताईनगर व जुने एदलाबाद, या जोड्या तर कोणत्याही यूनिकोड नियमाने जुळणार नाहीत. त्यासाठी आपल्या भागाचा पर्यायी नावांचा तक्ताच हवा, आणि तो माहीतगार माणसाने हाताने केलेलाच बरा.

कपाशी_एक

आमच्याकडे जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांच्या केंद्रांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. त्या ॲरे_मर्जने एकत्र करून गट काढले, तर मिळालेल्या कीज कोणत्याच यादीतील खाते क्रमांकांशी जुळत नाहीत.

सातपुडा

ॲरे_मर्ज पूर्णांक कीज शून्यापासून नव्याने मांडते, म्हणून खाते क्रमांक तिथेच हरवले. अधिक चिन्हाने ॲरे जोडले तर कीज राहतात, पण तिन्ही केंद्रांत खाते ११ असेल तर पहिल्याच यादीतील ११ टिकते आणि बाकीची दोन खाती कोणतीही सूचना न देता गळून पडतात. या दोन्हींपेक्षा प्रत्येक यादी स्वतंत्र लूपमध्ये फिरवावी आणि गटात की साठवताना केंद्राचे नाव जोडावे, म्हणजे निकालात जळगाव ११, नंदुरबार ११ असे स्पष्ट दिसेल. एकच क्रमांक दोन जिल्ह्यांच्या केंद्रांवर आहे, हेही त्यातूनच कळेल.

की हरवण्याच्या जागा आणखीही आहेत. सॉर्ट आणि यूसॉर्ट कीज टाकून देतात. त्यांच्याऐवजी एसॉर्ट आणि यूएसॉर्ट घ्यावे. ॲरे_स्लाइस आणि ॲरे_रिव्हर्स यांना कीज राखा असे वेगळे सांगावे लागते. सर्वांत जास्त फसवणारे ॲरे_कॉलम आहे. डेटाबेसमधून आलेल्या ओळींतून एकच रकाना काढायला ते सोयीचे आहे, परंतु ते मूळ कीज ठेवत नाही, आणि एखाद्या ओळीत तो रकानाच नसेल तर ती ओळ गाळून पुढचे क्रमांक वर सरकवते. तिसरा घटक म्हणून खाते क्रमांकाच्या रकान्याचे नाव द्यावे, म्हणजे तीच की होते. मात्र खाते क्रमांकच दोनदा आला असेल तर नंतरची नोंद आधीच्या नोंदीवर लिहिली जाते. जिथे शंका असेल तिथे साधा फॉरईच लिहावा. त्यात काय होते ते डोळ्यांसमोर असते.

गिरणाकाठ

मोबाइलचे काम मार्गी लागले. आता काटापावत्या. एकच गाडी दोनदा नोंदली गेली आहे का, हे पाहायचे आहे. परंतु केवळ गाडी क्रमांकावर गट केले तर हंगामात रोज येणारी प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉली त्यात येते. शिवाय शेतकऱ्यांच्या जमिनीचे गट क्रमांक आणि पोटहिस्से यांचीही अशीच तपासणी हवी आहे.

तापीतीर

अशा वेळी एका रकान्यावर नव्हे तर रकान्यांच्या संचावर की बनवायची. पावतीसाठी तारीख, गाडी क्रमांक आणि भरलेल्या गाडीचे वजन हे तिन्ही सारखे असतील तरच संशय घ्यावा. रिकाम्या गाडीचे वजन त्या संचात घेऊ नये असे माझे मत आहे, कारण तेच वाहन रिकामे असताना दरवेळी जवळपास तेवढेच भरते आणि त्यातून वेगळी माहिती मिळत नाही. गाडी क्रमांक आधी मोठ्या अक्षरांत करून त्यातील रेघा आणि मोकळ्या जागा काढाव्यात. जळगावची एमएच १९ किंवा धुळ्याची एमएच १८ लिहिताना प्रत्येक जण आपापल्या रीतीने जागा सोडतो.

संचाची की बनवताना रकाने नुसते एकापुढे एक जोडू नयेत. गट क्रमांक ११ व पोटहिस्सा २, आणि गट क्रमांक १ व पोटहिस्सा १२, हे दोन्ही जोडल्यावर ११२ च होतात. मध्ये दुभाजक चिन्ह घालावे, किंवा सर्व रकाने स्ट्रिंग करून त्यांच्या ॲरेवर जेसन_एन्कोड (ॲरेचा जेसन स्वरूपाचा मजकूर करणारे फंक्शन) चालवावे. आधी स्ट्रिंग करणे आवश्यक आहे, कारण पूर्णांक ११ आणि स्ट्रिंग ११ यांचे जेसन वेगळे लिहिले जाते. गट क्रमांकासोबत गावाचे नाव घेणेही विसरू नये; प्रत्येक गावाचे गट क्रमांक स्वतंत्र असतात.

आणि येथे शनिपेठचा मुद्दा परत उपयोगी पडतो. मजकुरात अर्धवट तुटलेले अक्षर असेल तर जेसन_एन्कोड फॉल्स परत देते. फॉल्स ॲरेची की झाली की तिचा पूर्णांक शून्य होतो, आणि तुटलेल्या सर्व ओळी, एकमेकींशी काहीही संबंध नसताना, शून्य या एका गटात दिसतात. पीएचपी ७.३ पासून जेसनने अशा वेळी अपवाद फेकावा असा पर्याय देता येतो. तो नेहमी द्यावा, म्हणजे चूक झाली त्याच ओळीवर काम थांबते.

पांझरा

पावत्या डेटाबेसमध्येच असतील तर इतकी उस्तवार पीएचपीत का करावी, असे मला वाटते. डेटाबेसच्या ग्रुप बाय (गट करणे) आणि हॅविंग (गटांवर अट) या आज्ञांनी एकाहून अधिक वेळा आलेले संच मिळतात, आणि ग्रुप_कॉन्कॅटने त्यांचे पावती क्रमांक स्वल्पविरामांनी जोडून येतात. सावधगिरी एवढीच की मायएसक्यूएलमध्ये ग्रुप_कॉन्कॅटची मूळ मर्यादा १,०२४ बाइटांची आहे, आणि गट मोठा असेल तर यादी मध्येच तुटते. मर्यादा वाढवून घ्यावी. मोबाइलवर युनिक निर्बंध (एक मूल्य एकदाच चालेल अशी अट) घालून टाकला तर पुढे हा प्रश्नच उद्भवणार नाही.

सातपुडा

डेटाबेसमधील तपासणीशी सहमत आहे. सीएसव्ही आत घेण्यापूर्वीची तपासणी मात्र पीएचपीतच करावी लागते. पावतीच्या संचावर निर्बंध जरूर घालावा. मोबाइलवर तो घालू नये. आपल्याकडे बाप, दोन भाऊ आणि घरातील एखादी खातेदार बाई यांच्या चार खात्यांना मिळून एकच मोबाइल असणे अगदी साहजिक आहे. निर्बंध घातला तर काट्यावरचा माणूस गाडी रांगेत उभी असताना अडून बसेल आणि शेवटी कोणताही खोटा क्रमांक टाकून पुढे जाईल. त्यानंतर ती नोंद कोणत्याही गटात सापडणार नाही. त्यापेक्षा क्रमांक स्वीकारावा, तो आणखी कोणत्या खात्यांवर आहे ते तिथल्या तिथे दाखवावे, आणि घरातला क्रमांक अशी खूण करण्याची सोय द्यावी. खूण केलेले गट पुढच्या यादीतून वगळता येतात.

गिरणाकाठ भाऊ, मुनीमजींच्या यादीत खाते क्रमांकासोबत एक्सेलमधील ओळीचा क्रमांकही छापा. एफगेटसीएसव्हीने वाचताना मथळ्याची ओळ पहिली धरून नोंदींची मोजणी २ पासून सुरू केली, तर तो क्रमांक एक्सेलमध्ये डावीकडे दिसणाऱ्या क्रमांकाशी जुळतो आणि शोधाशोध करावी लागत नाही. मथळ्यातील पहिल्याच रकान्याचे नाव सापडत नसेल, तर फाइलच्या आरंभी यूटीएफ-८ ची तीन बाइटांची अदृश्य खूण असेल. ती काढून मग मथळा वाचावा.

गिरणाकाठ

ओळीचा क्रमांक घातला. पहिल्या रकान्याचे नाव खरोखरच त्या तीन बाइटांमुळे सापडत नव्हते. गटांची मांडणी आता अशी ठेवली आहे की आधी मोठे गट येतात, प्रत्येक गटात मूळ मूल्य जसेच्या तसे दिसते, त्याखाली केंद्र, खाते क्रमांक, शेतकऱ्याचे नाव आणि ओळ, आणि उजवीकडे मुनीमजींना खूण करण्यासाठी दोन चौकोन : घरातला क्रमांक, आणि दुरुस्ती हवी. पावत्यांचा संच तापीतीर ताईंनी सांगितल्याप्रमाणे तारीख, गाडी आणि भरलेले वजन असाच घेतला आहे; त्यातून निघालेल्या जोड्यांत दोन्ही पावत्यांची वेळही छापतो, कारण काट्यावर एकच पावती दोनदा छापली गेली की खरोखर दोन खेपा झाल्या, हे त्या दोन वेळांमधील अंतरावरून मुनीमजी ओळखतात.